उलट्या शर्टातले हिराजीदादा

काम सुरू करायच्या आधी हिराजीदादा दोन गोष्टी करायचे. गळ्यातली साखळी, अंगठ्या, मनगटातलं कडं असं सगळं सोनं उतरवून स्टीलच्या डब्यात घालायचे आणि तो डबा माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मग अंगातला शर्ट काढून उलटा घालायचे, बटणं पाठीकडे. पाठीवरची बटणं आपली आपल्याला लावता येत नाहीत, म्हणून आमचे पेंटर रफीकभाई ती लावून द्यायचे. साठीला टेकलेला, भरघोस मिशांचा माणूस शाळेत निघालेल्या पोरासारखा पाठ करून उभा आहे आणि मागे रफीकभाई एकेक बटण लावतायत, हे नव्या गिऱ्हाइकाला दिसलं की ते माझ्या तोंडाकडे बघायचं. मी सांगायचे, "बटणं गाडीला घासतात. ओरखडे पडतात." गिऱ्हाईक मान डोलवायचं, पण गाडीची चावी लगेच हातात द्यायचं नाही.

गॅरेज माझ्या सासऱ्यांचं. भिवंडीत नारपोलीच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमचे कारखाने आणि मध्ये आम्ही. काम डेंटिंग-पेंटिंगचं. सासरे थकले, नवऱ्याला गाड्यांपेक्षा सरकारी नोकरी बरी वाटली, म्हणून टेबलावर मी बसायला लागले. पत्रा ठोकायला मला येत नाही, पण कुठली गाडी कधी आली आणि कधी जायची आहे हे माझ्या डोक्यात पक्कं असतं. गॅरेज चालवायला तेवढं पुरतं.

हिराजीदादा पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून, आणि भांडायला. खाडीकडच्या गावचे आगरी शेतकरी. त्या वर्षांत तिकडची भातशेतं एकामागून एक गोदामांखाली जात होती. यांच्या शेतावरही मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या, भाडं यायला लागलं आणि दारात सात माणसं बसतील अशी काळी कुळकुळीत गाडी आली. त्या गाडीचा एक दरवाजा कुणीतरी ठोकला होता, तो आम्ही रंगवून दिला होता. महिन्याभराने दादा ती गाडी घेऊन दारात उभे.

"वयनी, तुमी एक दरवाजा रंगवलात आन् सगली गाडी खराब करून ठेवलीत."

मी उठून उन्हात गेले. बोनेटवर, टपावर, सगळ्या दरवाजांवर बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं पसरलेलं होतं. सूर्य जिथे चमकत होता त्याच्याभोवती तर कोळ्याने घर केल्यासारखं दिसत होतं. सावलीत यातलं काही दिसत नाही. उन्हात लपत नाही, आणि काळ्या रंगावर तर अजिबात नाही.

"गाडी पुसता कशाने?" मी विचारलं.

त्यांनी सीटखालून मोठ्या अभिमानाने एक गठ्ठा काढला. लूमवरून नुकतं उतरलेलं कापड. "कोरं हाय," ते म्हणाले. "रोज सकाली मी सोता पुसतो. ड्रायवरला हात लावू देत न्हाय."

इथेच सगळी गडबड होती, आणि ती आमच्या गावातली खास गडबड. लूमवर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. त्या खळीने कोरं कापड पत्र्यासारखं कडक असतं. पण भिवंडीत ओळखीपाळखीवर या कापडाचे तुकडे फुकट मिळतात, म्हणून अख्खं गाव गाडी त्यानेच पुसतं. रस्त्यावरची धूळ आणि वर ही खळ. इतर लोक आठवड्यातून एकदा कसंतरी पुसायचे, त्यामुळे त्यांच्या गाड्या तरी बऱ्या. दादांनी रोज, जीव लावून, गोल गोल पुसलेली. त्यांच्या गाडीइतकी खराब गाडी मी तोवर पाहिली नव्हती.

मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. मग रफीकभाईंनी बोनेटवर टेप लावून वीतभर चौकोन आखला, त्यात पॉलिशचं औषध टाकलं आणि बफिंगचं मशीन फिरवलं. फोमची गोल गादी गरगर फिरली, पांढरा फेस आला, पुसला. टेपच्या आतला चौकोन विहिरीतल्या पाण्यासारखा काळा झाला होता. बाहेर जाळं तसंच. दादा वाकले. त्यांना आपल्या मिशा दिसल्या असाव्यात, कारण त्यांनी त्या नीट केल्या.

मग ते गेलेच नाहीत. अख्खी गाडी होईपर्यंत रफीकभाईंच्या कोपराशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, गाडी न घेता.

"मना शिकवा," म्हणाले.

"कशाला? तुम्हाला काय कमी आहे?"

"त्येच ना. शेडचं भाडं मी जागा असलो तरी येतं आन् झोपलो तरी येतं. मग मी उठू कशाला?"

पगार नको म्हणत होते. मी तो लावला. फुकट काम करणाऱ्याला ओरडता येत नाही.

तर असे ते आमच्याकडे आले, आणि वर्षभरात आमच्या गॅरेजची ओळख 'जालंवाले' अशी होऊन बसली. जाळ्याला ते आगरी बोलीत जालं म्हणायचे, मग आम्हीही तसंच म्हणायला लागलो. ठाणे-कल्याणहून काळ्या गाड्यांचे मालक विचारत यायचे, "इथे जालं काढतात ना?"

दादा नम्र वगैरे मुळीच नव्हते. आपल्या कामाची स्तुती करायला ते दुसऱ्याची वाट बघत नसत. गाडी झाली की रस्त्यावरून जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचे. "इकरून बग. आसं न्हाय, वाकून बग. काय दिसतं?" समोरचा बिचारा लूमवरची ड्युटी संपवून घरी निघालेला असायचा. तो म्हणायचा, "मैं दिखता हूँ." दादा म्हणायचे, "तू दिखता है, पर जालं दिखता है क्या?" नाही म्हटल्याशिवाय सुटका नसे.

काम मात्र ते जपून करायचे. गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो. जाळं काढायचं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तो थर केसभर घासून खाली आणायचा. म्हणजे दर वेळी थोडा थर जातो आणि पुन्हा येत नाही. हे कळल्यापासून दादा त्या थराच्या बाबतीत भलते कंजूष झाले. कुणी दिवाळीला चमकवून नेलेली गाडी संक्रांतीला घेऊन आला की त्याला हाकलून द्यायचे. "ही काय म्हस हाय काय सारखी धुवायला? जा, सुती फडक्यानं हलक्या हातानं पूस." माझं गिऱ्हाईक परत जायचं, मी ओरडायचे, ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्यालाही तेच सांगायचे. दुसरा त्यांचा राग तेलकट पॉलिशवर. ते फासलं की ओरखडे भरून निघतात, गाडी चकाकते आणि दोन धुण्यांत सगळं जाळं पुन्हा वर येतं. बाजारात बरेच जण तेच करायचे. कुणी तसं करून मागितलं की दादा विचारायचे, "लोनी लावून देऊ काय? पावाबरोबर खा."

सुती फडक्यांवरून तर त्यांच्या घरात भांडण पेटलं होतं. गाडी पुसायला मऊ कापड हवं, आणि मऊ म्हणजे दादांच्या हाताला मऊ. आधी त्यांनी बायकोची, पारूबाईंची, जुनी लुगडी आणली. मग जुनी संपल्यावर जी आणली ती जुनी नव्हती. पारूबाई स्वतः रिक्षा करून गॅरेजवर आल्या, दोरीवरून लुगडं ओढलं, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, तुझ्याकरं काम करतो तो मानूस हाय का चोर?" आणि आल्या रिक्षाने परत गेल्या. त्यानंतर दादांना दुपट्यांचा शोध लागला. तान्ह्या बाळाचं वर्षभर धुऊन धुऊन लुसलुशीत झालेलं दुपटं, याच्यासारखं कापड जगात नाही, असं त्यांचं मत झालं. गावात कुणाचं पोर चालायला लागलं की दादा दारात हजर. बायका हसायच्या. एक म्हणाली म्हणे, "शेट, धाकट्यासाठी ठेवलंय, अजून एक होऊ दे, मग न्या." दादा म्हणाले, "घाई कर."

बोलण्याचा त्यांना भारी सोस. त्यापायी एकदा फटका बसला. एका वकिलांच्या गाडीवर मशीन चालू होतं आणि दादा मान मागे वळवून रफीकभाईंना कुणाच्या तरी हळदीची गोष्ट सांगत होते. बोनेटला जिथे घडी असते त्या कडेवर रंग मुळातच पातळ असतो. मशीन तिथे क्षणभर जास्त रेंगाळलं आणि रंग जळून आतलं पांढरं अस्तर वर आलं. नखाएवढाच. रफीकभाई म्हणाले, "छोड़ो सेठ, मैं टच-अप मारता हूँ, वकील को क्या पता चलेगा." दादांनी मशीन ठेवलं, माझ्या टेबलावरचा फोन उचलला आणि वकिलांना सांगितलं, "तुमची गाडी मी जालली. येऊन बगा." त्या दिवशी ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं आजारी पडले. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, मशीन चालू असताना बोलायचं नाही. बोलणं काही कमी झालं नाही. आता बोलायचं झालं की ते मशीन बंद करायचे, त्यामुळे एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागायला लागले.

त्यांचा मुलगा दिनेश गोदामांचा सगळा कारभार बघायचा. ट्रान्सपोर्टच्या गाड्याही होत्या त्याच्या. पांढरा शर्ट, दोन्ही हातांत दोन मोबाइल, वागायला सभ्य. एका सकाळी तो गॅरेजवर आला. दादा कोपऱ्यात गाडी धुऊन टेप लावत होते.

"वयनी, एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

"बोल."

"आमच्या वनिताचं जमलंय. पनवेलकडचं घर हाय, मोठी मानसं. परवा सुपारी फुटली. बाबा काय करतात असं त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं ट्रान्सपोर्टचं बघतात."

"ट्रान्सपोर्ट तर तू बघतोस."

"तेच ना. उद्या त्यांना कोन बोलला की पोरीचा बाप नारपोलीला लोकांच्या गाड्या घासतो, तर? ते समजतील आमी खंगलोय, गोदामं गहाण हायत. न्हायतर समजतील बाबांचं डोकं फिरलंय. लगीन मोडलं म्हंजे? गावात तोंड दाखवता येनार न्हाय."

"हे तू त्यांना सांग."

"सांगितलं. वनिताची शपथ घातली. पन इथं आले की ते शपथ विसरतात."

दादा टेपचा तुकडा हातात धरून तसेच उभे होते. "लगनापुरतं ना?" त्यांनी विचारलं.

"लगनापुरतं कशाला बाबा? लगनानंतर तिला त्या घरात ऱ्हायचं न्हाय काय? पुरे आता. ऑफिसात खुर्ची हाय, एसी हाय, बसा की."

दादांनी टेपचा तुकडा खाली ठेवला. रफीकभाईंकडे पाठ केली. रफीकभाईंनी बटणं सोडली. दादांनी शर्ट काढला, सरळ करून घातला, बटणं स्वतःच लावली. माझ्या टेबलावरचा डबा उघडून एकेक दागिना अंगावर चढवला. भर कामाच्या वेळेला मी त्यांना कधी सरळ शर्टात पाहिलं नव्हतं. ते कुणीतरी दुसरेच वाटत होते.

"मशीन इकू नको," जाताना मला म्हणाले.

"मशीन गॅरेजचं आहे. मी कशाला विकू?"

शपथ मशीनला हात न लावण्याची होती, गॅरेजमध्ये न येण्याची नव्हती. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दादा कडक इस्त्रीच्या कपड्यांत, अंगभर सोनं घालून यायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रफीकभाईंचं काम बघायचे. काही बोलायचे नाहीत, फक्त तोंडाने च्यक् च्यक् करायचे. रफीकभाई दोन दिवसांत रडकुंडीला आले. "भाभी, इनको घर भेजो. मेरा हाथ काँपता है." रफीकभाई पेंटर चांगले होते, पण मशीन त्यांना धीराने चालवता येत नसे. स्पीड वाढवून मोकळे व्हायचे. मग जाळं जायचं, पण त्याच्या जागी मशीनचेच ढगाळ पट्टे उमटायचे. गिऱ्हाईक परत घेऊन यायला लागलं. मला दादा हवे होते, हे मी लपवत नाही. माझा धंदा होता.

मग एक दिवस जेवणाची वेळ टळल्यावर एक काळी लांबलचक गाडी आत आली. दादा खुर्चीत होते. गाडीचा दरवाजा उघडून पांढऱ्या सफारीतला एक उंच माणूस बाहेर पडला, आणि मी मान वळवून बघते तो खुर्ची रिकामी. पेंटच्या खोलीचा प्लास्टिकचा पडदा हलत होता. मला कारण समजायच्या आत पडद्याच्या फटीतून दादांचा हात बाहेर आला आणि मला खूण करून सांगायला लागला, नाही, नाही, नाही.

"मी पनवेलकडनं आलो," सफारीवाले म्हणाले. "माझ्या पोऱ्याचं लगीन हाय. नवरदेव या गाडीतून जानार. तिकडं एकानं पॉलिश मारलं आन् बगा काय करून ठेवलंय. मना कोनतरी बोलला, नारपोलीला एक मानूस जालं काढतो. कुठाय तो?"

मी पडद्याकडे बघितलं नाही. "तो रजेवर आहे," मी म्हटलं. "दुसरा माणूस करेल."

"करू दे. मी बसतो. भिवंडीतच सोयरीक केलीय, पन आज त्यांच्याकडं जायचं न्हाय. उगाच पाहुनचार करत बसतील." आणि ते दादांच्याच खुर्चीत बसले. म्हणजे हे गजाननशेठ, दादांचे होणारे व्याही.

रफीकभाईंनी गाडी धुतली, टेप लावला आणि मशीन सुरू केलं. नेहमीसारखं, सुसाट. मी आवाज ऐकत होते. पडद्यामागे तो आवाज दुसरंही कुणी ऐकत होतं. मशीन बोनेटच्या मध्यावरून कडेकडे सरकायला लागलं तसा आवाज आणखी चढला, आणि पडदा बाजूला झाला. तोंडावर पेंटरचा मास्क, डोळ्यांना चष्मा, डोक्याला फडकं, अंगात उलटा शर्ट. लावून देणारं कुणी नव्हतं म्हणून पाठीवरची बटणं उघडीच. सोनं नव्हतं. हिराजीदादांनी रफीकभाईंच्या हातातून मशीन काढून घेतलं, स्पीड कमी केला आणि बोनेटवर वाकले. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदांकडे पाहिलं.

"हा आला काय रजेवरनं?" गजाननशेठनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

तासभर सगळं ठीक चाललं. गजाननशेठ खुर्ची ओढून जवळ बसले होते. त्यांनाही काम बघायची आवड दिसली. बोनेटचा अर्धा भाग झाला, आणि लाइट गेली.

तेव्हा भारनियमन होतं आणि त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, तरी वेळेवर जायची असंही नाही. भिवंडीत लाइट गेली की पहिल्यांदा कान बधिर होतात. आजूबाजूचे सगळे लूम एकदम थांबतात, आणि तोवर आपण किती मोठ्याने बोलत होतो ते कळतं. त्या शांततेत दादा मशीन हातात धरून उभे राहिले. घामाने मास्क भिजला होता.

"काढा तो मास्क, गुदमराल," गजाननशेठ म्हणाले. दादांनी मान हलवली. "तुमची मर्जी. पन काम चांगलं करता. असं काम करनारा मानूस मना आवडतो. माझ्या बापानं मिठागरात राबून आमाला वाढवला. आता बगा ना, पोऱ्याची सोयरीक केलीय. पोरगी गुनी दिसते, घर मोठं हाय, पन व्याही माझ्या मनात बसला न्हाय."

मी पेन खाली ठेवलं.

"सुपारीला पाहिला. अंगावर हे एवढं सोनं. तोंडातनं एक शब्द काढला न्हाय." (तो दिनेशनेच काढू दिला नव्हता. बाप गाड्यांबद्दल बोलायला लागेल म्हणून.) "पोरगा सांगतो ट्रान्सपोर्ट बघतात. मी गाडीवाल्यांना विचारलं, ते बोलतात शेट कधी फिरकतच न्हायत. म्हंजे काय, नुसता बसून खानारा. आशा घरातली पोरगी हाताला काम लावील काय? अजून पत्रिका छापायला टाकल्या न्हायत. घरात बोललो, जरा दमानं घ्या."

रफीकभाईंना मराठी नीट कळायचं. ते हळूच उठून पाण्याच्या ड्रमाकडे गेले.

दादांनी मशीन खाली ठेवलं. आधी चष्मा काढला, मग मास्क. मिशीवर पॉलिशचा पांढरा बुक्का बसला होता.

"मीच तो," म्हणाले. "बसून खानारा."

गजाननशेठ उठून उभे राहिले. त्यांना ओळख पटायला जरा वेळ लागला. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न केला तो असा, "शर्ट उलटा कशाला घातलाय?"

"बटनं लागतात गाडीला."

"मग ट्रान्सपोर्ट?"

"दिनेशचं हाय ते. त्याला वाटलं तुमाला लाज वाटेल."

"तुमाला वाटते?"

"कसली?"

गजाननशेठ तडक रस्त्यावर गेले. मी दारापर्यंत गेले. समोरच्या टपरीशी पाठमोरे उभे होते. आता हे रिक्षा करतात, घरी फोन लावतात की काय करतात, मला काही सांगता येत नव्हतं. एका मुलीचं लग्न माझ्या गॅरेजात मोडायला मला नको होतं. दादा खुर्चीत बसले होते. त्यांच्या तोंडावर मी तोवर कधी न पाहिलेली भीती होती. "वयनी," ते म्हणाले, "वनिताला काय सांगू?"

"अजून काही झालेलं नाही. झाल्यावर बघू," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

गजाननशेठ परत आले ते चहावाल्याला पुढे घालून. सगळ्यांच्या हातात चहा आला. त्यांनी स्वतःचा ग्लास अर्धा संपवला आणि म्हणाले, "तुमच्या पोराला माझ्यासमोर आना. खोटं बोलला, त्याचं बघतो मी. पत्रिका उद्याच छापायला टाकतो." मग बोनेटकडे बघून, "लाइट कधी येनार? अर्धं बोनेट ऱ्हायलंय. आशा गाडीतनं नवरदेव पाठवू काय?"

लाइट आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्या तिरप्या उन्हात दादांनी राहिलेलं जाळं काढलं. मधूनमधून मशीन बंद करून व्याह्यांना थराबद्दल, खळीबद्दल, दुपट्यांबद्दल सगळं ऐकवलं. सुपारीच्या दिवशी तुंबलेलं बोलणं त्या दिवशी बाहेर आलं. निघताना गजाननशेठनी विचारलं, "व्याह्याकडनं मजुरी घेनार काय?"

"गॅरेज वयनीचं हाय, तिला इचारा."

"घेणार," मी म्हटलं, आणि घेतली.

लग्न झालं. मांडवात दादांचं लक्ष वऱ्हाडापेक्षा वऱ्हाडाच्या गाड्यांवर होतं. फुलवाल्याने नवरदेवाच्या गाडीला झेंडूच्या माळा चिकट टेपने लावल्या होत्या. ते पाहून दादा त्याच्या अंगावर धावून गेले आणि सगळ्या माळा सोडवून दोऱ्याने बांधायला लावल्या. वरात तेवढा वेळ खोळंबली. दिनेश लांब उभा राहून कपाळाला हात लावत होता, आणि गजाननशेठ त्याच्या खांद्यावर हात टाकून आल्यागेल्याला सांगत होते, "हे बगा, माझे व्याही. गाडी त्यांनीच केलीय. वाकून बगा." दिनेशला तिथून हलता येत नव्हतं.

त्यानंतर दादा दोनेक वर्षं आमच्याकडे होते. मग रस्ता रुंद करायचं निघालं, गॅरेजचा पुढचा भाग गेला. उरलेल्या जागेत मी लूमच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. रफीकभाई कल्याणला गेले. मशीन मी दादांना दिलं. दुकानात त्याचा मला काही उपयोग नव्हता.

मध्ये ऐकलं की त्यांचा उजवा खांदा पार गेलाय. डॉक्टरांनी मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलंय आणि आता दिनेशच्या जोडीला वनिताही ओरडते. मला ते पटलं. खांदा तो खांदा.

त्यांना शेवटचं पाहिलं ते अकलोलीला. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी त्यांना गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले होते. रिक्षातून उतरते तो गाड्या उभ्या करायच्या जागेत मला ओळखीचा आवाज आला. नारळवाल्याच्या टपरीतून एक लांब वायर निघाली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा अनोळखी माणसाच्या काळ्या गाडीवर हिराजीदादा वाकले होते. डाव्या हाताने मशीन धरलं होतं, उजवा हात नुसता आधाराला. तो अनोळखी माणूस आपल्या बायकोशेजारी तोंड उघडं टाकून उभा होता. गाडी बघायला दिली की घासायला, हे त्यालाही नक्की माहीत नसावं.

वायर गाडीच्या रंगाला घासू नये म्हणून गजाननशेठनी ती खांद्यावरून घेऊन वर धरली होती. धोतराचा काचा मारलेला, पाय फाकवून उभे. दादा एक पाऊल सरकले की हेही एक पाऊल सरकत होते. दोघांच्याही कपड्यांवर पाण्याचा थेंब नव्हता. शेजारच्या दगडावर दोन टॉवेल घडी न मोडता ठेवलेले होते.

तेवढ्यात गजाननशेठच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी नंबर बघितला, दादांच्या पाठीवर थाप मारली. दादांनी मशीन बंद केलं आणि श्वास रोखून उभे राहिले.

"बोल दिनेश," गजाननशेठ म्हणाले. वायर तशीच वर धरलेली. "हो, हो. पान्यातच हायत. खांद्यापर्यंत बुडवून बसवलाय त्यांना. न्हाय न्हाय, एवढ्यात न्हाय काढत. डॉक्टर काय बोलला, जास्त वेल बसवा. संध्याकाल होईल आमाला."